दूरचित्रवाणीच्या घड्याळावर चाललेला संगणक : दृश्यसंकेत-परिवर्तकांच्या इतिहासाचा मागोवा

प्रास्ताविक

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा प्रक्रियक, स्मृती आणि आज्ञावली या तीन गोष्टींभोवती फिरत राहते. संगणक आणि पडदा यांच्यामध्ये असलेली तार, तिच्या टोकाचा कनेक्टर आणि कित्येकदा त्या दोहोंमध्ये बसवावी लागणारी लहानशी पेटी यांना या लेखनात क्वचितच स्थान मिळते. वस्तुतः वापरणाऱ्याला संगणकाचे जे दर्शन घडते ते याच मार्गाने घडते. एका यंत्राचा दृश्यसंकेत दुसऱ्या प्रकारच्या पडद्याला समजेल अशा रूपात बदलून देणाऱ्या या पेटीला व्यवहारात अ‍ॅडॉप्टर किंवा कन्व्हर्टर म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘परिवर्तक’ हा शब्द वापरला आहे.

परिवर्तकाची खरी अडचण कनेक्टरच्या आकाराची नसून काळाची आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. पिनांची संख्या जुळविणे हे कारागिरीचे काम आहे आणि ते थोड्या सरावाने साधते. परंतु दोन यंत्रांची घड्याळे वेगळ्या गतीने चालत असतील तर कोणतीही तार त्यांना जोडू शकत नाही. हा भेद लक्षात घेतला म्हणजे १९७० च्या दशकातील छंदिष्टांच्या जोडण्या, १९८७ साली आलेला व्हीजीए मानक आणि आजच्या संग्रहालयांपुढील प्रश्न हे एकाच धाग्यात ओवलेले दिसतात.

संकेताची घडण

पिक्चर ट्यूबवरील चित्र एकाच वेळी उमटत नाही. इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे एक रेषा आखतो, परत फिरतो, थोडा खाली सरकून पुढची रेषा आखतो. अमेरिकेतील एनटीएससी पद्धतीत एका चित्रात ५२५ रेषा असतात व सेकंदाला सुमारे ६० अर्धचित्रे येतात. त्यामुळे रेषांची वारंवारता रंगीत प्रक्षेपणासाठी १५,७३४ हर्ट्झ ठरते. युरोपच्या मोठ्या भागात आणि भारतात स्वीकारल्या गेलेल्या ६२५ रेषा व ५० अर्धचित्रांच्या पद्धतीत ती १५,६२५ हर्ट्झ आहे. म्हणजे एका रेषेला ६४ मायक्रोसेकंद मिळतात. या दोन आकड्यांत एका टक्क्याहूनही कमी अंतर आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

रेषा कोठे सुरू होते आणि चित्र कोठे संपते हे संचाला कळावे म्हणून संकेतामध्ये समकालन स्पंद मिसळलेले असतात. संयुक्त दृश्यसंकेत एकूण एक व्होल्टचा असतो. त्यापैकी सुमारे ०.७ व्होल्ट चित्राची उजळी दाखवितात आणि उरलेले सुमारे ०.३ व्होल्ट समकालनाचे असतात. तार व संच यांचा संरोध ७५ ओहम धरलेला असतो. हा सारा हिशेब स्टुडिओ आणि प्रक्षेपण केंद्रे यांच्या सोयीसाठी बसविलेला होता. संगणकाचा त्यात विचारही नव्हता. असे असूनही पहिल्या पिढीच्या घरगुती संगणकांनी हा हिशेब जसाच्या तसा उचलला, कारण दुसरा स्वस्त पडदाच उपलब्ध नव्हता.

घरातील संच आणि कायद्याची अडचण

डॉन लँकेस्टर यांचा ‘टीव्ही टाइपरायटर’ अमेरिकेतील ‘रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकाच्या सप्टेंबर १९७३ च्या अंकात प्रसिद्ध झाला. साध्या दूरचित्रवाणी संचावर प्रत्येकी ३२ अक्षरांच्या १६ ओळी दाखविणारे हे मंडल होते. संपूर्ण आराखड्याची पुस्तिका वाचकांना दोन डॉलरना मागविता येत असे. त्या वेळी संगणकाचे टर्मिनल ही संस्थांनाच परवडणारी वस्तू होती. घरातील संचावर स्वतः टंकलेली अक्षरे दिसणे ही गोष्ट वाचकांना केवढी मोठी वाटली असेल, हे यावरून ध्यानात येते.

संचापर्यंत संकेत पोहोचविण्याचे दोन मार्ग होते. एक, संच उघडून त्याच्या दृश्य-मंडलात थेट तार जोडणे. दुसरा, संगणकाचा संकेत एखाद्या वाहिनीच्या रेडिओ वारंवारतेवर चढवून तो अँटेनाच्या जागी देणे. पहिल्या मार्गाने अक्षरे स्वच्छ दिसत, पण त्यात जिवाचा धोका होता. त्या काळातील अनेक संचांत रोहित्र वाचविण्यासाठी घरातील विद्युत्-पुरवठ्याची एक बाजू थेट धातूच्या सांगाड्याला जोडलेली असे. प्लग उलटा बसला की सांगाड्यात आणि पर्यायाने संगणकात वीज उतरण्याचा संभव असे. विलगक रोहित्र न वापरता अशी जोडणी करणे म्हणजे आगीशी खेळ होता.

दुसऱ्या मार्गासाठी लागणारे उपकरण म्हणजे आरएफ मॉड्युलेटर. हा बहुसंख्य लोकांनी वापरलेला पहिला परिवर्तक म्हणता येईल. तो तांत्रिकदृष्ट्या सोपा होता. अडचण होती कायद्याची. संगणकाच्या डब्यातून निघणाऱ्या रेडिओ लहरी शेजाऱ्याच्या संचात व्यत्यय आणीत आणि अमेरिकेच्या संघराज्य दळणवळण आयोगाचे नियम याबाबत कडक होते. १९७७ साली आलेल्या अ‍ॅपल २ मध्ये मॉड्युलेटर बसविलेला नव्हता. यंत्रातून केवळ संयुक्त दृश्यसंकेत बाहेर पडे आणि ‘सुपरमॉड’ नावाचा मॉड्युलेटर ग्राहक दुसऱ्या विक्रेत्याकडून घेई. यंत्र आणि मॉड्युलेटर वेगवेगळे विकले गेल्यामुळे नियमभंगाचा प्रश्न अ‍ॅपलच्या दारापर्यंत येत नव्हता. अटारीने १९७९ च्या आपल्या ४०० व ८०० या यंत्रांना जाड धातूचे कवच दिले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने त्याच वर्षी ९९/४ हा संगणक स्वतंत्र मॉनिटरसह बाजारात आणला आणि त्यामुळे त्याची किंमत हजार डॉलरच्या वर गेली. एका लहान पेटीच्या परवानगीवरून तीन कंपन्यांच्या यंत्रांची घडण आणि किंमत वेगळी झाली, ही बाब तंत्रज्ञानाच्या इतिहासकारांनी अधिक गांभीर्याने घ्यावयास हवी.

अ‍ॅपल २ च्या बाबतीत आणखी एक मुद्दा नोंदविला पाहिजे. स्टीव्ह वॉझनियाक यांनी या यंत्राचे मूळ घड्याळ १४.३१८१८ मेगाहर्ट्झचे, म्हणजे एनटीएससीच्या रंगवाहक वारंवारतेच्या नेमके चौपट ठेवले. त्यामुळे चित्रबिंदू विशिष्ट अंतराने पेटविले की दूरचित्रवाणी संच त्यांना रंग समजे. यंत्राच्या स्मृतीत रंग फारसा नव्हताच. तो संचाच्या गैरसमजातून जन्म घेत होता. हीच यंत्रे युरोपातील पाल पद्धतीच्या संचांसाठी १९७९ साली युरोप्लस या रूपात आली तेव्हा चित्र कृष्णधवल झाले आणि रंगासाठी वेगळे कार्ड घ्यावे लागले. रेषांच्या वारंवारतेत जेमतेम फरक असूनही रंगाचे घड्याळ वेगळे होते. काळ जुळला नाही की काय होते याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

नऊ पिना, तीन भाषा

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला तो दोन पर्यायी दृश्य-कार्डांसह. मजकुरासाठी असलेल्या एमडीए कार्डाची रेषा-वारंवारता १८.४३२ किलोहर्ट्झ होती. चित्रांसाठी असलेले सीजीए कार्ड मात्र दूरचित्रवाणीच्याच सुमारे १५.७ किलोहर्ट्झवर चाले. १९८४ साली आलेल्या ईजीए कार्डाने ३५० रेषांच्या स्थितीत २१.८ किलोहर्ट्झ गाठले. या तिन्ही कार्डांना नऊ पिनांचा एकच कनेक्टर होता. आकार एक आणि भाषा तीन, अशी ही स्थिती होती. चुकीच्या कार्डाला जोडलेला एकरंगी मॉनिटर केवळ चित्र दाखविण्यास नकार देत नसे, तर त्याच्या आडव्या विचलन-मंडलाला इजा पोहोचू शकत असे. ज्यांनी कनेक्टरचा आकार म्हणजेच मानक असे मानले त्यांना त्याची किंमत मोजावी लागली.

सीजीएचा संकेत अंकीय होता. लाल, हिरवा, निळा आणि उजळी अशा चार तारा. प्रत्येक तार चालू किंवा बंद. यातून सोळा रंग होतात. हा संकेत ०.७ व्होल्टच्या सदृश पद्धतीत बदलणे हे परिवर्तक बांधणाऱ्यांचे आवडते पहिले काम ठरले, कारण त्याला काही रोधक पुरतात. रंगाच्या तारेचा वाटा दोन-तृतीयांश आणि उजळीचा एक-तृतीयांश हवा असेल तर उजळीच्या तारेतील रोधक रंगाच्या तारेतील रोधकाच्या दुप्पट ठेवावा लागतो. टीटीएल मंडलाचे उच्च विभव सुमारे ३.५ व्होल्ट आणि पडद्याचा संरोध ७५ ओहम धरल्यास या किमती सुमारे ४५० व ९०० ओहम येतात. असे सहा रोधक, प्रत्येक रंगासाठी दोन, सोल्डर केले की सोळापैकी पंधरा रंग ठीक दिसू लागतात.

सोळाव्याची कथा वेगळी आहे. लाल व हिरवा चालू आणि उजळी बंद असता हिशेबाने मळकट पिवळा रंग यावयास हवा. परंतु १९८३ साली आलेल्या आयबीएमच्या ५१५३ या मॉनिटरमध्ये नेमका हाच संयोग ओळखून हिरव्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आणणारे एक लहान मंडल होते. त्यामुळे पडद्यावर तपकिरी रंग दिसे आणि आज्ञावली लिहिणारे तो तपकिरीच गृहीत धरीत. हा रंग ना संगणकात होता ना तारेत. तो मॉनिटरमध्ये होता. साध्या रोधकांच्या परिवर्तकातून गेलेल्या चित्रात लाकूड, माती आणि चामडे पिवळसर-हिरवट दिसतात, याचे कारण हेच. चांगल्या परिवर्तकाला मागे राहिलेल्या यंत्राचे कामही आपल्याकडे घ्यावे लागते.

युरोपात या काळात तुलनेने सुखाची स्थिती होती. फ्रान्समध्ये प्रथम रूढ झालेल्या एकवीस पिनांच्या स्कार्ट जोडणीमुळे सामान्य दूरचित्रवाणी संचालाही लाल, हिरवा व निळा हे संकेत वेगवेगळे घेता येत. संगणकाच्या बाजूने सोळाव्या पिनेवर एक ते तीन व्होल्टचे विभव दिले की संच संयुक्त संकेत सोडून या तीन तारांकडे वळे. अमिगाच्या तेवीस पिनांच्या कनेक्टरपासून स्कार्टपर्यंतची तार हे अनेकांनी घरी केलेले पहिले जोडकाम होते. तेवीस पिनांचा कनेक्टर बाजारात मिळेनासा झाला तेव्हा पंचवीस पिनांचा कनेक्टर करवतीने कापून काम भागविले गेले. आकाराचा प्रश्न करवतीने सुटतो!

१९८७ : दुप्पट वेग

एप्रिल १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ मालिकेबरोबर व्हीजीए आणला. ६४० गुणिले ४८० चित्रबिंदू, सदृश रंगसंकेत, तीन ओळींत पंधरा पिना आणि ३१.४६९ किलोहर्ट्झ रेषा-वारंवारता. हा शेवटचा आकडा १५,७३४ च्या नेमका दुप्पट आहे. म्हणजे दूरचित्रवाणीचा निरोप घेतानाही संगणकाने तिचेच घड्याळ दुप्पट वेगाने चालविले. जुन्या २०० रेषांच्या आज्ञावलींसाठी व्हीजीए कार्ड प्रत्येक रेषा दोनदा पाठवीत असे, त्यामुळे जुने चित्र नव्या पडद्यावर दिसे. मात्र ही सोय कार्डाच्या आत होती. ज्या यंत्रांत व्हीजीए नव्हता, ती १५ किलोहर्ट्झची यंत्रे नव्या पडद्यांसाठी परकी झाली.

मध्यंतरीच्या काळात अनेक वारंवारता स्वीकारणारे ‘मल्टिसिंक’ मॉनिटर आले आणि काही वर्षे त्यांनी हा दुरावा झाकला. अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश २ ने, तोही १९८७ चाच, पंधरा पिनांचा पण दोन ओळींचा कनेक्टर वापरला. त्याच्या तीन पिनांवरील जोडणी पाहून यंत्र समोर कोणता मॉनिटर आहे हे ओळखी. म्हणून मॅक आणि व्हीजीए यांच्यामधील परिवर्तकावर लहान बटनांची रांग असे आणि ती योग्य रीतीने लावली नाही तर यंत्र पडदा नाहीच असे समजे. सन आणि सिलिकॉन ग्राफिक्स यांच्या कार्यकेंद्रांत तेरा-डब्ल्यू-तीन हा एकच कनेक्टर असून पिनांची मांडणी निराळी होती. शिवाय सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्रांत समकालन स्पंद हिरव्या रंगाच्या तारेत मिसळलेले असत. हा तपशील येथे अधिक वाढविण्याचे कारण नाही. सोल्डरिंगने सुटणाऱ्या प्रश्नांचाच तो विस्तार आहे.

१५ ते ३१ किलोहर्ट्झचा प्रश्न मात्र सोल्डरिंगने सुटत नाही. त्यासाठी रेषा स्मृतीत साठवून दुप्पट वेगाने दोनदा बाहेर काढावी लागते. एका स्मृतीत रेषा लिहिली जात असता दुसऱ्या स्मृतीतील रेषा वाचली जाते आणि ६४ मायक्रोसेकंदांनी त्यांच्या भूमिका बदलतात. अमिगासाठी अशी कार्डे १९८० च्या दशकाच्या अखेरीस निघाली आणि १९९० च्या अमिगा ३००० मध्ये ते मंडल मूळ यंत्रातच आले. अशा रीतीने परिवर्तक ही तार न राहता यंत्र झाली.

साठविण्यासाठी मोजणे आवश्यक होते आणि मोजण्याने नवा प्रश्न उभा केला. सदृश संकेतात रेषेची सुरुवात कळते, पण रेषेत चित्रबिंदू किती आणि एक कोठे संपून दुसरा कोठे सुरू होतो हे लिहिलेले नसते. ते परिवर्तकाला अनुमानाने ठरवावे लागते. महाविद्यालयातील व्हीजीए प्रक्षेपकावर अक्षरांच्या कडा थरथरू लागल्या की शिक्षक ‘ऑटो’ हे बटन दाबतात. त्या क्षणी प्रक्षेपक हेच अनुमान पुन्हा करीत असतो.

अंकीय जोडण्यांचे युग १९९९ च्या डीव्हीआय आणि २००२ च्या एचडीएमआय मानकांनी सुरू झाले. डीव्हीआयच्या एका प्रकारात सदृश संकेताच्या पिनाही असल्याने तेथून व्हीजीएकडे जाणारा परिवर्तक केवळ तारांचा असू शकतो. एचडीएमआयमध्ये सदृश संकेतच नाही. तेथे परिवर्तन करणारी चिप हवी आणि तिला बहुधा जोडणीतीलच पाच व्होल्टच्या तारेतून वीज मिळते. आत काहीही नसलेली, दोन टोकांना दोन कनेक्टर असलेली स्वस्त केबल म्हणूनच चालत नाही. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी आणि काही संगणक व पडदे उत्पादकांनी व्हीजीएचा पाठिंबा २०१५ पर्यंत थांबविण्याचे जाहीर केले. वर्गखोल्यांतील प्रक्षेपकांना ते वेळापत्रक पाळता आले नाही, हे निराळे सांगावयास नको.

भारतीय संदर्भ

हा इतिहास प्रामुख्याने अमेरिका व युरोपमधील असला, तरी त्याचे दोन धागे भारतापर्यंत येतात. भारतात दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण १९८२ साली पाल पद्धतीने सुरू झाले आणि ब्रिटनमध्येही पाल पद्धतच होती. त्यामुळे ब्रिटिश घरगुती संगणक येथे सहज चालावेत अशी अपेक्षा वाटते. रेषा आणि रंग यांबाबत ती खरीही होती. परंतु सिंक्लेअरच्या झेडएक्स स्पेक्ट्रमचा मॉड्युलेटर यूएचएफ पट्ट्यातील ३६ व्या वाहिनीवर काम करी, तर दूरदर्शनचे प्रक्षेपण प्रामुख्याने व्हीएचएफ पट्ट्यात होते. ज्या संचाचा ट्यूनर केवळ व्हीएचएफचा होता, त्याला हे यंत्र दिसूच शकत नव्हते. मॉड्युलेटरच्या आधीचा संयुक्त संकेत काढून घेणे किंवा व्हीएचएफचा मॉड्युलेटर बसविणे हाच उपाय होता.

शासनाच्या १९८४ च्या ‘क्लास’ या शालेय संगणक साक्षरता प्रकल्पासाठी ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो निवडला गेला. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडने तो भारतात तयार केला. या यंत्राला रेडिओ वारंवारता, संयुक्त संकेत आणि टीटीएल पातळीवरील लाल-हिरवा-निळा असे तीन दृश्यमार्ग आहेत आणि तिन्हींची गती १५,६२५ हर्ट्झचीच आहे. शाळांच्या अडगळीतून आज असे यंत्र बाहेर काढले तर त्याचा वीजपुरवठा दुरुस्त होऊ शकतो. आजचा सपाट पडदा मात्र बहुधा ‘संकेत मर्यादेबाहेर’ एवढेच सांगेल.

दुसरा धागा मराठीच्या अधिक जवळचा आहे. आयआयटी कानपूर येथे विकसित झालेले आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेलेले जिस्ट तंत्रज्ञान कार्डाच्या रूपाने वैयक्तिक संगणकात बसविले जाई. डॉसवरील मजकुराच्या आज्ञावलीत त्यामुळे देवनागरी अक्षरे दिसू लागत. त्या काळी साठविलेला मजकूर १९९१ च्या ‘इस्की’ मानकातून युनिकोडमध्ये आणता येतो आणि तो वाचताही येतो. परंतु जोडाक्षरे त्या पडद्यावर कशी दिसत होती, वेलांट्या कोठे बसत होत्या, हे फाइलमध्ये नाही. ते कार्डाने निर्माण केलेल्या दृश्यसंकेतात होते. देवनागरीच्या संगणकीय रूपाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास कार्ड चालू करून तो संकेत टिपावा लागेल, आणि टिपण्यासाठी परिवर्तक लागेल.

संग्रह आणि साक्ष

गेल्या काही वर्षांत छंदिष्टांच्या गटांनी या कामी मोठा पल्ला गाठला आहे. बीबीसी मायक्रोच्या चाहत्यांमधून उगम पावलेला ‘आरजीबी-टू-एचडीएमआय’ हा प्रकल्प रास्पबेरी पाय झीरो हा लहान संगणक आणि एक साधी तर्कचिप यांच्या आधारे जुन्या यंत्राचा अंकीय दृश्यसंकेत थेट मोजतो. ‘ओपन सोर्स स्कॅन कन्व्हर्टर’ सदृश संकेतातील रेषा दुप्पट किंवा अधिक पट करून देतो. दोहोंचे आराखडे खुले आहेत. पन्नास वर्षांपूर्वी दोन डॉलरच्या पुस्तिकेने जे केले तेच काम येथे वेगळ्या मार्गाने होत आहे.

तथापि अशा परिवर्तकातून टिपलेले चित्र हा मूळ दस्तऐवज मानावा काय, हा प्रश्न उरतोच. अ‍ॅपल २ चे चित्र संयुक्त संकेतातून घेतले तर रंगीत दिसते. तेच चित्र रंगवाहक न ओळखणाऱ्या मंडलातून घेतले तर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जाळी दिसते. सीजीएचेही तसेच आहे. त्या कार्डाला नऊ पिनांच्या कनेक्टरबरोबरच संयुक्त संकेताचा मार्गही होता आणि काही खेळांच्या कर्त्यांनी केवळ त्या मार्गाने दिसणारे रंग डोळ्यांपुढे ठेवून चित्रे काढली होती. अशा चित्राचे अंकीय तारेवरून घेतलेले ‘शुद्ध’ रूप कर्त्याने कदाचित कधी पाहिलेही नसेल. शुद्धता आणि मूळपणा यांची गल्लत पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना परिचित आहे. हस्तलिखिताच्या छायाप्रतीबरोबर जशी पोथीची माहिती दिली जाते, तशी जुन्या पडद्याच्या प्रत्येक चित्राबरोबर यंत्र, दृश्यमार्ग, परिवर्तक आणि निवडलेली रंगसारणी यांची नोंद दिली जावयास हवी. संगणकविषयक ग्रंथांतील चित्रांखाली ती क्वचितच आढळते. सीजीएच्या एखाद्या चित्रात जमीन तपकिरी आहे की पिवळसर-हिरवट, एवढे पाहिले तरी ते ५१५३ मॉनिटरचे मंडल हिशेबात धरून घेतले आहे की केवळ सहा रोधकांमधून, हे पुष्कळदा ओळखता येते.